शिसं, संगमरवर आणि पंचवीस हजारांची मर्यादा: ब्रिटनच्या संस्कृती खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
संस्कृती, माध्यम आणि क्रीडा खाते,
युनायटेड किंगडम सरकार, लंडन.

ऑक्टोबर २०२५

स. न. वि. वि.

२०२५च्या जानेवारीत आपल्या खात्याने एक निर्णय जाहीर केला. सरकारी वारसायादीत नाव असलेल्या, म्हणजे सूचीबद्ध, प्रार्थनास्थळांनी दुरुस्ती केली की तिच्यावर भरलेला व्हॅट त्यांना परत मिळायचा. २००१ पासून चालत आलेली ही सोय. तिची तरतूद वर्षाला ४.२ कोटी पौंडांपर्यंत होती, ती आपण २.३ कोटींवर आणलीत. एका वास्तूला वर्षाकाठी २५,००० पौंडांच्या वर परतावा मिळणार नाही असं ठरवलंत. आणि हेही फक्त मार्च २०२६ पर्यंत. बातमी आली तशी गेली. ज्यांचं छप्पर गळतंय त्यांना ती इतक्या सहज सोडून देता येत नाही, म्हणून हे पत्र.

याची इंग्रजी प्रत टपालाने स्वतंत्र पाठवते आहे. मराठीत जाहीरपणे लिहिते आहे, कारण या देशात राहून कर भरणारे मराठी लोक आता थोडेथोडके नाहीत, आणि सुट्टीत मुलाबाळांना घेऊन लंडन बघायला येणारे त्याहून कितीतरी जास्त. हा प्रश्न फक्त रविवारी चर्चला जाणाऱ्यांचा आहे असा समज दोन्हीकडे आहे. तो दूर व्हावा असं वाटतं.

मी स्वतः चर्चला जाणारी नाही. आमच्या घरात देव्हारा आहे. पण नॉर्थँप्टनशायरमधल्या ज्या खेड्यात आम्ही राहतो, तिथे चर्चच्या किल्ल्या गावकऱ्यांकडे पाळीपाळीने असतात आणि त्या पाळीत माझंही नाव आहे. मी स्थापत्य अभियंता आहे हे कळल्यावर समितीने छपराच्या दुरुस्तीची फाइल माझ्या हाती दिली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हापासून पन्हळी, शिशाचे पत्रे आणि कोटेशनं यांच्याशी माझा संबंध आहे.

त्या चर्चमध्ये उत्तरेच्या भिंतीला १७५०च्या दशकातलं एक संगमरवरी स्मारक आहे. मागे करड्या दगडाचा पिरॅमिड, पुढे कलशावर रेललेली स्त्री, आणि वरच्या कोपऱ्यात एक पंखवालं गुबगुबीत बाळ पडदा बाजूला सारतंय. पडदा दगडाचाच, पण त्याची कड इतकी पातळ कोरली आहे की मागून टॉर्च धरला तर उजेड आरपार येतो. बाळाच्या डाव्या पायाखालून एक तांबूस ओघळ निघतो आणि स्त्रीच्या खांद्यापर्यंत उतरतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो बोटभर होता. आता वीतभर आहे. टाचेपाशी दगडाला केसासारखी चीर गेली आहे, आणि तिच्या कडेला बोट लावलं तर साखरेसारखे दाणे हाताला येतात.

हे का होतं, ते आपल्या खात्यातल्या तज्ज्ञांना ठाऊक आहे. निर्णय घेताना त्यांना विचारलं होतं का, एवढंच मला ठाऊक नाही. अठराव्या शतकातली ही स्मारकं सबंध दगडातून कोरलेली नसतात. आत विटा आणि डबर, त्यावर संगमरवराचे तुकडे, आणि हे तुकडे भिंतीला धरून ठेवायला लोखंडी क्लॅम्प. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं एकसंध वाटावं अशीच ती कारागिरी. छप्पर कोरडं असेपर्यंत लोखंड अडीचशे वर्षं गुपचूप बसतं. एकदा का वरच्या पन्हळीतून भिंतीत पाणी मुरायला लागलं, की लोखंड गंजतं आणि फुगतं. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. ती जागा तो दगड फोडून घेतो. शिवाय ओलीबरोबर भिंतीतले क्षार बाहेर येतात, दगडाच्या पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक धरतात आणि वरचा थर सुटतो. पाहुण्यांना स्मारक दिसतं. मला त्यामागची ओली भिंत दिसते.

आता माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार. २५,००० पौंडांचा परतावा म्हणजे, वीस टक्के व्हॅट धरता, १,२५,००० पौंडांचं काम. एखाद्या मध्ययुगीन चर्चच्या मुख्य छपराचं काम तीन लाखांवर जाणं काही विशेष नाही. तीन लाखांवर व्हॅट होतो साठ हजार. पंचवीस परत मिळाले, पस्तीस हजार गावाच्या डोक्यावर. हे पैसे कुठून येतात, तर केक विकून, जुनी पुस्तकं विकून आणि उन्हाळ्यात लोकांना मनोऱ्यावर चढवून. यावर आपले अधिकारी सुचवतील की काम दोन-तीन वर्षांत विभागा, म्हणजे दर वर्षी परतावा घेता येईल. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ परांची दोनदा बांधायची, ठेकेदार दोनदा बोलवायचा, आणि मधले दोन हिवाळे अर्धं छप्पर ताडपत्रीखाली ठेवायचं. त्या दोन हिवाळ्यांत भिंतीत जे पाणी उतरेल त्याने दगडाचं जे होईल, ते निस्तरायला शिल्पसंवर्धक बोलवावा लागेल. त्याला सबंध स्मारक उतरवून, तुकड्यांना क्रमांक देऊन, जुनं लोखंड काढून स्टेनलेस स्टील बसवावं लागेल. तोही व्हॅट लावेलच. दात कोरून पोट भरत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. इथे तर दातही जातोय.

आणखी एक गोष्ट मला समजत नाही. नवं घर बांधलं तर त्यावर व्हॅट शून्य. आठशे वर्षांची वास्तू उभी ठेवली तर वीस टक्के. २०१२ पर्यंत सूचीबद्ध वास्तूंमधल्या मंजूर बदलांना तरी सूट होती. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तीही गेली. मोडकळीला आलेलं सावरणाऱ्यावर कर आणि नवं उभारणाऱ्याला माफी, हे गणित कुठल्याही सरकारी खात्यात बसून केलं तरी उलटंच राहतं.

आपण म्हणाल, एका खेड्यातल्या पंखवाल्या बाळासाठी एवढा आटापिटा कशाला? म्हणून थोडं सविस्तर सांगते.

१७३०च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्यों शहरातला लुई-फ्रांस्वा रुबिलियाक नावाचा शिल्पकार लंडनला आला. त्याचं नाव झालं ते १७३८ मध्ये लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेसाठी केलेल्या हॅन्डेलच्या पुतळ्याने. संगीतकार जिवंत असताना, पायात सैलसर चपला, डोक्यावर घरातली टोपी, अशा अवतारात त्याला संगमरवरात बसवणं तेव्हा अजबच होतं. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत या माणसाने इंग्लंडच्या चर्चमधलं मरण बदलून टाकलं. त्याआधीच्या कितीतरी थडग्यांवर मंडळी हात जोडून आडवी पडलेली असत. रुबिलियाककडे ती उठून बसतात, दचकतात, हात पुढे करतात. वूस्टर कॅथेड्रलमध्ये त्याचा बिशप हफ शवपेटीवरून अर्धा उठून वर पाहतो. वेस्टमिन्स्टर ॲबीत जनरल हारग्रेव्हच्या डोक्यावरचा दगडी पिरॅमिड कोसळतोय आणि तो कफनातून बाहेर येतोय. त्याच ॲबीत नाइटिंगेल दांपत्याचं १७६१ सालचं स्मारक आहे. खालच्या अर्धवट उघड्या दारातून सांगाड्याच्या रूपातला मृत्यू बाहेर येतो आणि वर नवऱ्याच्या अंगावर कोसळणाऱ्या एलिझाबेथवर भाला रोखतो. नवरा नुसत्या उघड्या हाताने तो अडवायला बघतोय. बाई वारली १७३१ मध्ये, विजेच्या लखलखाटाने दचकून, असं सांगतात; स्मारक व्हायला तीस वर्षं लागली. रात्री ॲबीत शिरलेला एक चोर चांदण्यात हा सांगाडा पाहून पहार टाकून पळाला, अशीही गोष्ट आहे. खरीखोटी देव जाणे, पण तो सांगाडा पाहिल्यावर मला चोराची कीव आली.

वेस्टमिन्स्टरचं तिकीट आता तीस पौंडांच्या घरात आहे, त्यामुळे ही स्मारकं तरी सांभाळली जातील. माझी काळजी बाकीच्यांची. आमच्याच जिल्ह्यात, केटरिंगजवळ, वॉर्कटन नावाचं छोटंसं खेडं आहे. तिथल्या सेंट एडमंड चर्चमध्ये मॉन्टेग्यूचा दुसरा ड्यूक आणि त्याची पत्नी मेरी यांची रुबिलियाकने केलेली दोन स्मारकं समोरासमोर आहेत. ड्यूक १७४९ मध्ये गेला, डचेस १७५१ मध्ये. ड्यूकच्या स्मारकावर दयेची मूर्ती त्याचं चित्रपदक टांगते आहे आणि विधवा खालून मान वर करून पाहते आहे. डचेसच्या स्मारकावर आयुष्याचा धागा कातणाऱ्या आणि तोडणाऱ्या तिघी बहिणी आहेत. युरोपातल्या कुठल्याही राजधानीत ही शिल्पं असती तर त्यांच्यासाठी वेगळी इमारत बांधली असती. इथे त्यांना गावच्या चर्चचं छप्पर पुरतं. म्हणजे, ते छप्पर शाबूत असेपर्यंत पुरतं.

व्हॉक्सहॉलच्या त्या बागेत उघड्यावर ठेवलेला हॅन्डेल आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहे, बंदिस्त दालनात. त्याच हाताने मुद्दाम चर्चसाठी, छपराखाली राहायला म्हणून घडवलेली शिल्पं सांभाळायची जबाबदारी मात्र काही घरांच्या खेड्यांवर आहे. म्युझियमला सरकारी अनुदान मिळतं आणि प्रवेश मोफत ठेवता येतो, हे उत्तमच. गावच्या चर्चमध्येही प्रवेश मोफतच असतो. फरक इतकाच की तिथलं वीजबिल गाव भरतं. रुबिलियाकचा समकालीन शिल्पकार हेन्री चीअर याच्या वर्कशॉपमधून निघालेल्या रंगीत संगमरवरी कामांची हीच कथा: कुठे फळ्यांच्या मागे, कुठे ऑर्गनच्या आडोशाला. एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिकप्रेमी पाद्र्यांना ही रोकोको शैली, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्याची वळणदार, नखरेल शैली, धर्मबाह्य आणि नाटकी वाटायची, त्यांनी ती जमेल तिथे झाकली. आपण त्यांच्यासारखं बोलत नाही, पण निर्णयाचा परिणाम तोच होतो.

दुसरी तक्रार मालकीची. इंग्रजी कायद्याप्रमाणे चर्चमधलं स्मारक चर्चचं नसतं. ज्याच्या नावाने ते उभं आहे त्याच्या वारसांचं असतं. अडीचशे वर्षांनंतर वारस कुठे शोधायचे? बहुतेक घराणी निर्वंश झालेली, किंवा ज्यांना आपण वारस आहोत हेच माहीत नाही. मग खर्च परत गावच्या समितीवर. त्यातही एक क्लॅम्प बदलायचा तर चर्चच्या न्यायालयाची रीतसर परवानगी लागते. परवानगी असावीच, नाहीतर कुणीतरी उत्साहात व्हिनेगर लावून संगमरवर धुवून काढेल. पण परवानगी देणारा एक, मालक दुसरा, पैसे भरणारा तिसरा, आणि नुकसान सगळ्यांचं, अशी ही रचना आहे. तीत परतावा हा एकच धागा सरकारच्या हातात होता, तोही आपण सैल केलात.

तिसरी, चोरांची आणि वटवाघळांची. छपरावरचं शिसं चोरीला जातं; २०१३ च्या भंगार कायद्यानंतर चोऱ्या कमी झाल्या म्हणतात, पण ज्या गावाचं छप्पर एका रात्रीत उघडं पडतं त्याला त्याचं काय? शिशाऐवजी टर्न-कोटेड, म्हणजे मुलामा दिलेलं, स्टेनलेस स्टील वापरायची मुभा मिळते, तीही पुन्हा खर्चाची. वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे आणि असायला हवं. पण त्यांच्या मूत्राने संगमरवराची झिलई जाते आणि डाग बसतात. याकरिता चाललेला राष्ट्रीय प्रकल्प २०२३ मध्ये संपला. वटवाघळांना ते कुणी कळवलेलं नाही.

चौथी गोष्ट तक्रार आहे की विनंती, ते आपणच ठरवा. मी मूळची देवगड तालुक्यातली. ॲबीत नाइटिंगेलचा सांगाडा पाहायला गेले होते, आणि त्याच उत्तरेच्या बाजूला ॲडमिरल चार्ल्स वॉटसनच्या स्मारकापुढे थबकले. ते रोकोको नाही. जेम्स स्टुअर्टच्या आराखड्यावरून पीटर शीमेकर्सने केलेलं, रोमन झगा घातलेला ॲडमिरल, हातात पामची फांदी, एका बाजूला गुडघे टेकलेलं कलकत्ता, दुसरीकडे साखळीत जखडलेला चंदननगरचा माणूस. खर्च ईस्ट इंडिया कंपनीचा. आणि त्यावर कोरलेलं: घेरिया घेतलं, १३ फेब्रुवारी १७५६. घेरिया म्हणजे आमचा विजयदुर्ग. तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्या खाडीत जळालं. आंग्र्यांनीच पूर्वी कंपनीकडून पकडलेल्या रिस्टोरेशन या जहाजावर तोफगोळा पडला आणि तिथून आग सगळ्या ताफ्यात गेली. त्यात पेशव्यांचाही हात होता, हे आम्ही शाळेत शिकलो आणि अजून त्यावर भांडतो. स्मारकापुढे उभ्या राहिलेल्या पर्यटकाला यातलं काहीही कळत नाही.

मला ते स्मारक हलवायला नको आहे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात टोबायस रस्टॅटच्या स्मारकावरून २०२२ मध्ये चर्चच्या न्यायालयात केवढा वाद झाला, ते आपण पाहिलंच. गुलामांच्या व्यापारात पैसा गुंतवलेल्या माणसाचं ते स्मारक न्यायालयाने जागेवरच ठेवायला सांगितलं. माझ्या मते तो निकाल बरोबर होता, पण अर्धाच. दगड राहू दे, त्याच्या शेजारी पाटी लागू दे. वॉर्कटनच्या ड्यूकला १७२२ मध्ये राजाने सेंट ल्युशिया आणि सेंट व्हिन्सेंट ही बेटंच देऊन टाकली होती आणि तिथे वसाहत करण्याचा त्याचा प्रयत्न फसला. त्या सुंदर शिल्पाखाली उभं राहून हे वाचायला मिळालं तर शिल्प कमी सुंदर होत नाही. आमच्या गावातली बाई कलशावर रेलली आहे तिच्या कुटुंबाचा पैसा कुठून आला, हे मी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात शोधते आहे. पण हा शोध सरकारने हौशी लोकांवर सोडून देऊ नये.

तेव्हा मागण्या साध्या आहेत.

२५,००० पौंडांची मर्यादा काढा. ती काढता येत नसेल तर निदान छप्पर, पन्हळी आणि पाण्याचा निचरा या कामांना तिच्यातून वगळा, आणि अनेक वर्षं चालणाऱ्या कामाला एकच काम समजून पूर्ण परतावा द्या.

मार्च २०२६ नंतर काय होणार, ते फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सांगू नका. छपराचं काम ठरवायला दीड-दोन वर्षं लागतात. योजना किमान पाच वर्षांसाठी जाहीर करा. त्याहून बरं म्हणजे वित्त खात्याशी बोलून सूचीबद्ध वास्तूंच्या दुरुस्तीवरचा व्हॅटच नव्या बांधकामासारखा शून्यावर आणा, म्हणजे परताव्याचे अर्ज भरायची कटकटही मिटेल. ही सवलत सर्व धर्मांच्या सूचीबद्ध वास्तूंना लागू आहे, त्यामुळे हा काही एका पंथाचा लाड ठरत नाही.

अठराव्या शतकातल्या संगमरवरी स्मारकांची पाहणी करायला एक छोटा, वेगळा निधी ठेवा. कुठे लोखंड गंजतंय, कुठे वटवाघळांसाठी आच्छादन हवं, कुठे वारस सापडत नाहीत, याची यादी झाली तर पैसे कुठे आधी घालायचे हे तरी कळेल. धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीतच आज नऊशेच्या वर प्रार्थनास्थळं आहेत. आतल्या शिल्पांची गणती त्यात होत नाही.

आणि ज्या वास्तूला हा निधी मिळेल तिने दोन अटी पाळाव्यात: आठवड्यातून काही तास दार उघडं ठेवावं, आणि स्मारकाशेजारी ते कुणाचं, कुणी घडवलं, पैसा कुठून आला, हे साध्या शब्दांत लिहावं. आमच्या गावच्या समितीला या दोन्ही अटी मान्य आहेत. मी विचारलं आहे.

आमच्या छपराचं काम येत्या वसंतात सुरू करायचं आहे. ठेकेदाराला डिसेंबरअखेर होकार किंवा नकार कळवावा लागेल. त्याआधी आपलं उत्तर यावं, ही विनंती.

कळावे,

आपली,
नॉर्थँप्टनशायरमधील एक मराठी रहिवासी